पाण्याकाठचा एक दिवस : धाराशिव जिल्ह्यातील सहलीची स्थळे

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा सागरकिनारा लाभलेला आहे. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील कुटुंबे रविवारी पहाटे निघून केळवे, अलिबाग अथवा दिवेआगर येथे पोहोचतात आणि दिवसभर समुद्राकाठी घालवून रात्री घरी परततात. ही सोय राज्याच्या सर्व भागांना मात्र नाही. धाराशिव जिल्ह्याच्या (पूर्वीचा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव) मुख्यालयापासून अरबी समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. रस्त्याने हे अंतर आणखी वाढते, कारण मध्ये सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. रत्नागिरीहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूर, मिरज, सोलापूर करीत तुळजापूरवरूनच पुढे जातो. म्हणजे समुद्राकडे जाणारा रस्ता आपल्या दारातच आहे. एका दिवसात जाऊन परत येण्याइतका तो जवळचा नाही, एवढेच.

तरीही दरवर्षी हिवाळ्यात जिल्ह्यातील अनेक शाळांच्या सहली कोकणाकडे निघतात. विद्यार्थ्यांना समुद्राचे आकर्षण असते, पालकांचाही आग्रह असतो, आणि ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नाही त्याला तो दाखवावा ही शिक्षकांची इच्छा सर्वथा योग्य आहे. परंतु या प्रवासाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. जाताना एक रात्र बसमध्ये, येताना दुसरी रात्र बसमध्ये, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष दोन-तीन तास. त्या दोन-तीन तासांत जागरणाने थकलेले शिक्षक आणि उत्साहाने भारलेली, पोहता न येणारी मुले भरती-ओहोटीची माहिती नसलेल्या पाण्यात उतरतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथील किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. ही मुले समुद्रापासून काही तासांच्याच अंतरावर राहणारी होती, ही गोष्ट आपल्यासारख्या दूरच्या जिल्ह्याने विशेष लक्षात घ्यावयास हवी.

समुद्राची सहल करूच नये, असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र पाण्याकाठी आनंदात एक दिवस घालविण्यासाठी प्रत्येक वेळी समुद्रच गाठला पाहिजे, असेही नाही. अवर्षणप्रवण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यातही पाण्याची अशी स्थळे आहेत, की जी सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येण्याच्या टप्प्यात आहेत. त्यांपैकी एक तर उभ्या दख्खनमध्ये आपल्या प्रकारचे आगळे म्हणावे लागेल.

पाणी कोठे जाते

स्थळांकडे वळण्यापूर्वी जिल्ह्याच्या भूरचनेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. बालाघाटाच्या डोंगररांगा या जिल्ह्यातून जातात आणि त्या जलविभाजकाचे काम करतात. या रांगांच्या उत्तरेस व पूर्वेस पडलेला पाऊस तेरणा आणि मांजरा या नद्यांच्या वाटेने गोदावरीस मिळतो. दक्षिणेस व पश्चिमेस पडलेला पाऊस सीना, बोरी या नद्यांतून भीमेत आणि तेथून कृष्णेत जातो. दोन्ही वाटा अखेरीस बंगालच्या उपसागरास मिळतात. अरबी समुद्र आपल्याला जवळचा असला तरी धाराशिवच्या पावसाचे पाणी त्याच्याकडे न जाता शेकडो किलोमीटर पूर्वेकडे जाते. भूगोलाच्या शिक्षकांना फळ्यावर रेघा ओढून जलविभाजक समजावून सांगण्यापेक्षा विद्यार्थ्यांना डोंगरमाथ्यावर उभे करून दोन्ही उतार दाखविणे अधिक सोपे जाईल.

नद्या येथे उगमाजवळच्या आहेत, त्यामुळे लहान आहेत. वर्षातील बराच काळ त्यांची पात्रे कोरडी असतात. येथील पाण्याची सहल ही म्हणूनच ऋतूवर अवलंबून असते. कोकणात समुद्र बारा महिने जागेवर असतो. आपल्याकडे पाणी केव्हा असेल याची चौकशी करून निघावे लागते. साधारणतः जूनच्या पावसाने नाले वाहू लागतात, परंतु तलाव आणि बंधारे भरण्यासाठी सप्टेंबरमधील परतीच्या पावसाचीच वाट पाहावी लागते. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ त्यामुळे या सहलींसाठी उत्तम होय.

नळदुर्ग

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे गाव सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. सोलापूरपासून ते सुमारे ५० किलोमीटर आणि तुळजापूरपासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर आहे. धाराशिवहून तुळजापूरमार्गे जाणाऱ्यास साधारणतः दीड तास पुरतो. एकेकाळी नळदुर्ग हेच या जिल्ह्याचे ठाणे होते. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा येथे अधिकारी म्हणून आलेला फिलिप मेडोज टेलर १८५७ पर्यंत येथे होता आणि किल्ल्यातच एका बंगल्यात राहत होता. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीचा लेखक तो हाच. १८६० साली हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला.

किल्ला बोरी नदीच्या खोऱ्यात पुढे आलेल्या काळ्या पाषाणाच्या उंचवट्यावर बांधलेला आहे. कल्याणीच्या चालुक्यांशी त्याचे नाव जोडले जाते. पुढे तो बहामनी आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आज दिसणारी भक्कम दगडी तटबंदी व शंभराहून अधिक बुरूज यांतील बरेचसे काम आदिलशाहीच्या काळातील आहे. नऊ पाकळ्यांच्या आकाराचा नवबुरूज आणि दूरवरचा मुलूख नजरेत आणणारा उंच उपळी बुरूज हे दोन्ही पाहण्यासारखे आहेत. तथापि येथे येणाऱ्याचे पाय वळतात ते पाणीमहालाकडे.

मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ नावाचा उपदुर्ग यांच्यामधून बोरी नदी वाहते. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ च्या सुमारास, नदीवर आडवा दगडी बंधारा घालून हे दोन्ही भाग जोडण्यात आले. एकाच बांधकामातून तीन गोष्टी साधल्या. गडाला पाण्याचा साठा मिळाला. वेढा पडल्यास एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यास सुरक्षित वाट मिळाली. आणि तिसरी गोष्ट, जी कोणत्याही लष्करी गरजेत बसत नाही, ती म्हणजे बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला महाल. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पायऱ्या उतरून खाली गेले की आपण नदीच्या साठलेल्या पाण्याला पाठ लावून उभे असतो. समोर सज्जा आणि खिडक्या आहेत. त्यांतून खालचे पात्र दिसते.

बंधाऱ्याच्या माथ्यावर पाणी बाहेर पडण्यासाठी दोन मार्ग ठेवलेले आहेत. लोक त्यांना 'नर' आणि 'मादी' या नावांनी ओळखतात. साठा पूर्ण भरला की या दोन मार्गांनी पाणी खाली कोसळू लागते. महालाची रचना अशी आहे की, धबधबे पुढे पडतात आणि आत बसलेला मनुष्य कोरडा राहतो. बाहेर पाण्याचा पडदा, कानठळ्या बसविणारा आवाज, भिंतीतून जाणवणारी थरथर, आणि आत मात्र कोरडी फरशी! चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी पाण्याचा दाब, दगडाचे वजन आणि सांडव्याची दिशा यांचा किती बारकाईने विचार केला असेल, याची कल्पना येथे उभे राहिल्याशिवाय येत नाही. भिंतीवर फारसी शिलालेखही आहे. बांधकाम विभागातील आपल्या कनिष्ठ अभियंत्यांनी हे स्थळ सहल म्हणून नव्हे, तर अभ्यास म्हणून एकदा पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

नर-मादी धबधबे वाहण्याचा योग दरवर्षी येतोच असे नाही. नळदुर्गाच्या वरच्या अंगास बोरी नदीवर आधुनिक काळातील धरण झालेले आहे. पावसाचे पाणी प्रथम त्या धरणात साठते. ते भरून त्याच्या सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की मग किल्ल्यातील बंधाऱ्याकडे पाणी येते. पाऊस कमी झाला तर पाणी वरच अडते, आणि शेतीच्या व पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. नर-मादी वाहू लागल्याची वार्ता येताच सोलापूर, लातूर, कर्नाटकातून लोकांची रीघ लागते, ती केवळ देखाव्यासाठी नव्हे. 'बोरी भरली' याचा अर्थ येत्या उन्हाळ्यात टँकरची गरज कमी भासेल, असा येथील माणूस घेतो. धबधबा पाहून सुखावणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि शहरी प्रवाशाच्या आनंदात हा फरक आहे.

किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. मध्यंतरी शासनाच्या स्मारक संगोपन योजनेखाली खासगी सहभागातून येथे साफसफाई, बगिचा, पायवाटा अशी कामे झाली आणि ओसाड पडलेल्या किल्ल्यास पुन्हा वर्दळ लाभली. अशा सहभागाविषयी मतभेद असू शकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते कुंपणाआड झुडपे वाढू देण्यापेक्षा माणसांचे पाय लागणे स्मारकाला अधिक मानवते. अट एवढीच, की त्या माणसांनी भिंतींवर नावे कोरू नयेत.

जवळची इतर स्थळे

धाराशिव शहरास जवळची अशी दोन ठिकाणे आहेत. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर बालाघाटाच्या कड्यात धाराशिवची लेणी आहेत. जेम्स बर्जेस याने एकोणिसाव्या शतकात त्यांची नोंद घेतली. ती मूळ बौद्ध की जैन, याविषयी विद्वानांत वाद आहे. पाण्याच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की मुनी कनकामर याच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात करकंड राजाने येथील मूर्तीजवळची एक गाठ फोडताच पाण्याचा झरा उसळून लेणे पाण्याने भरून गेले, अशी कथा आलेली आहे. कथेतील राजा काल्पनिक असला, तरी कड्याच्या खडकातून पाझरणारे पाणी खरे आहे. पावसाळ्यानंतर येथील दरी हिरवीगार असते. अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल असे हे स्थळ असून लहान मुलांच्या शाळांना ते सोयीचे आहे.

दुसरे स्थळ येडशीजवळचे रामलिंग. धाराशिवहून सोलापूर-धुळे महामार्गाने अर्ध्या तासात येथे पोहोचता येते, आणि येडशीस रेल्वे स्थानकही आहे. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी या बाजूने धावत असे. आता मार्ग रुंदमापी झाला आहे. दरीत उतरून पायऱ्यांनी रामलिंगाच्या मंदिरापाशी जावे लागते. मंदिराला वळसा घालून ओढा वाहतो आणि पावसाळ्यात मागील कड्यावरून धबधबा पडतो. रावणाशी लढताना घायाळ झालेल्या जटायूला पाणी पाजण्यासाठी प्रभू रामचंद्राने बाण मारून येथे पाणी काढले, अशी लोकश्रद्धा आहे. लेण्यांतील राजाची कथा असो की रामाच्या बाणाची, कोरड्या मुलुखातील माणसाने प्रत्येक झऱ्यामागे एक कथा उभी केली आहे. १९९७ साली येथील सुमारे २२ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. माकडांचा उपद्रव मात्र मोठा आहे. खाऊच्या पिशव्या हातात दिसू देऊ नयेत आणि माकडांना काही घालू नये, ही सूचना शिक्षकांनी बसमध्येच द्यावी.

तेरणा नदीकाठचे तेर पाण्यापेक्षा इतिहासासाठी पाहावे. तरीही समुद्राचा विषय निघाला असता तेरला वगळता येत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या नौकानयनाच्या पुस्तकात 'तगर' या नगराचा उल्लेख आहे. पैठण आणि तगर येथील माल, विशेषतः कापड, गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरात नेला जात असे, असे त्यात सांगितले आहे. फ्लीट या संशोधकाने तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिले. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पाँपेई या इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात मिळालेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांतील साम्य अभ्यासकांच्या नजरेस आले आहे. ज्या जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही, तेथील विणकरांचा माल समुद्रापार जात होता. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेताशिवारांतून जमविलेल्या वस्तूंचे शासकीय संग्रहालय, विटांचे त्रिविक्रम मंदिर, उत्तरेश्वर आणि संत गोरा कुंभारांची समाधी पाहून तेरणेच्या काठी शिदोरी सोडावी.

परंडा येथील भुईकोट किल्ल्याचा खंदक पावसाळ्यानंतर भरलेला असतो. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १६३२ पर्यंत याच किल्ल्यावर होती. बार्शीमार्गे जाणाऱ्यांस हा किल्ला सोयीचा पडतो. सोलापूरकडून तुळजापूरला येताना लागणारा हिप्परग्याचा एकरूख तलाव जिल्ह्याबाहेरचा असला, तरी थंडीत तेथे पाणपक्षी पाहता येतात, म्हणून त्याचा उल्लेख करावयास हवा.

पाण्याची मोडलेली ओळख

सहलीच्या स्थळांची माहिती देणे येथे संपले असते. परंतु ज्या पाण्याकडे आपण मुलांना नेणार, त्या पाण्याशी त्यांचा परिचय किती, हा प्रश्न उरतो. एक पिढीपूर्वी या जिल्ह्यातील बहुतेक मुले विहिरीत पोहावयास शिकत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधून थोरला भाऊ अथवा चुलता धाकट्याला पाण्यात ढकली. विहीर पायऱ्यांची असे, पाणी वर असे आणि काठावर कोणीतरी असे. पुढे पाणी खोल गेले, विहिरी कोरड्या पडल्या, शिवारात विंधन विहिरी झाल्या. विंधन विहिरीत कोणास पोहता येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात वाढलेल्या मुलांनी पाणी पाहिले ते घागरीत, नळाला आणि टँकरच्या तोटीशी. त्यांना पाण्याची ओढ आहे, सवय नाही.

धोका दूरच्या समुद्रातच आहे असेही नाही. तो आता घराशेजारच्या शेतात आला आहे. 'मागेल त्याला शेततळे' या २०१६ पासूनच्या योजनेसारख्या उपक्रमांमुळे जिल्ह्यात शेततळी झाली आणि अनेक बागा त्यांवर उभ्या राहिल्या. परंतु ज्या शेततळ्यास प्लॅस्टिकचे अस्तर असते, त्याचा उतार ओला झाला की साबणासारखा निसरडा होतो. पाय घसरून आत पडलेला मनुष्य, पोहणारा असला तरी, वर चढू शकत नाही. यावर उपाय साधा व स्वस्त आहे. शेततळ्याभोवती कुंपण असावे. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठावरील खुंटांस बांधून पाण्यापर्यंत सोडावेत. हवा भरलेली एक जुनी ट्यूब काठावर कायम असावी. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील शेततळ्यांची वर्षातून एकदा या दृष्टीने पाहणी केली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही.

वाहत्या पाण्याचे शास्त्र निराळे आहे. तेही मुलांना सोप्या शब्दांत सांगावे. धबधब्यास येणारे पाणी डोक्यावरच्या ढगातून येत नाही, ते वरच्या पाणलोटातून येते. आपल्या माथ्यावर ऊन असताना दहा-पंधरा किलोमीटरवर जोराचा पाऊस झालेला असू शकतो आणि तो लोंढा काही वेळाने खाली पोहोचतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या व पालापाचोळा वाहून येऊ लागणे, आवाज वाढणे, ही लोंढा येत असल्याची चिन्हे होत. यांपैकी एक जरी दिसले तरी सर्वांनी पात्राबाहेर यावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरातील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते असाच प्रवाह एकाएकी वाढल्याने. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीच्या पुराने परंडा तालुक्यातील गावांना वेढा घातला, तेव्हा कोरड्या म्हणविणाऱ्या आपल्या नद्या काय करू शकतात, हे जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिले.

नळदुर्ग, रामलिंग ही पाहण्याची ठिकाणे आहेत, पोहण्याची नव्हेत. बंधाऱ्याचा दगड शेवाळाने निसरडा झालेला असतो. कठड्यावर चढून छायाचित्रे काढण्यास मज्जाव असावा. दहा विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ व्यक्ती आणि मुली असल्यास शिक्षिका, हे प्रमाण पाळावे. उतरताना, चढताना आणि बसमध्ये बसताना अशी तीनदा गणती करावी. कोणी पाण्यात पडल्यास त्याच्यामागे उडी न मारता दोर, काठी, बांधलेल्या ओढण्या, रिकामी पाण्याची बंद घागर, जे हाती येईल ते त्याच्याकडे फेकावे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी उडी मारणाराच अनेकदा प्राण गमावतो. पोहणे शिकविण्याची सोय जेथे आहे, तेथे ती शाळेने वापरावी. जिल्ह्याच्या ठिकाणी तरी प्रत्येक शाळेने हा विषय पालकसभेत घ्यावा.

ग्रामपंचायत आणि नगरपरिषद

एका दिवसाची सहल जवळ व्हावी यामागे आणखी एक विचार आहे. दूरच्या सहलीचा पैसा डिझेलमध्ये आणि परजिल्ह्यातील खाणावळींत जातो. पन्नास मुलांची एक बस तेरला आली आणि जेवण गावातील बचत गटाने दिले, तर ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी यांचे पैसे गावातच राहतात. मात्र त्यासाठी गावाने काही सिद्धता ठेवावयास हवी. प्रवासी पुन्हा येतो की नाही, हे किल्ल्याच्या उंचीवर ठरत नाही. मुलींसाठी स्वच्छ, कडी लागणारे आणि पाणी असलेले स्वच्छतागृह आहे की नाही, यावर ठरते. कोणत्याही शिक्षिकेस विचारून पाहावे. स्वच्छतागृह बांधण्यास निधी मिळतो. ते रोज धुण्यास माणूस मिळत नाही, ही खरी अडचण आहे. नाममात्र शुल्क घेऊन ते काम गटाकडे सोपविल्यास ही अडचण सुटू शकेल.

ज्या स्थळांना जिल्हा नियोजन समितीकडून 'क' वर्गाचा दर्जा मिळू शकतो, तेथील ग्रामपंचायतींनी ठराव करून प्रस्ताव पाठवावेत. प्रस्तावात प्रवेशद्वाराची कमान मागण्याची प्रथा पडून गेली आहे. कमानीऐवजी वाहनतळ, पिण्याचे पाणी, धोक्याच्या जागी लोखंडी कठडा आणि मराठीत ठळक अक्षरांतील सूचनाफलक मागितल्यास निधीचे सार्थक होईल. पावसाळ्यात गर्दीच्या दिवशी दोन पोहणारे तरुण, एक शिट्टी आणि एक दोर एवढी व्यवस्था स्थानिक तरुण मंडळास करता येते. त्यांना मानधन द्यावे. फुकट सेवेची अपेक्षा दोन रविवारांपलीकडे टिकत नाही.

सहलीचा दिवस

धाराशिवहून निघणाऱ्या शाळेने सकाळी सातला बस काढावी, तुळजापुरात न थांबता थेट नळदुर्ग गाठावे आणि ऊन चढण्यापूर्वी किल्ला पाहून घ्यावा. तुळजापूरचे दर्शन परतीच्या वाटेवर ठेवल्यास रांगेत जाणारा वेळ किल्ल्यातून वजा होत नाही. राज्य परिवहन महामंडळाकडून शैक्षणिक सहलींसाठी सवलतीच्या दराने बस मिळते. मागणी आगाऊ नोंदवावी, कारण डिसेंबरमध्ये सर्वच शाळांची मागणी एकदम येते. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती एक दिवसाच्या सहलीसही लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी नळदुर्गात कोणाकडे तरी धरणाच्या सांडव्यावरून पाणी सुटले आहे काय, याची चौकशी करावी. पाणी वाहत असेल तर मुलांना पाणीमहाल पाहता येईल; फार वाहत असेल तर तो दुरूनच पाहावा.

नळदुर्गापासून जवळच अणदूर आहे. खंडोबाची एकच मूर्ती वर्षातील काही काळ अणदुरात आणि काही काळ नळदुर्गात असते, व ती ठरलेल्या दिवशी एका गावाहून दुसऱ्या गावी समारंभाने नेली जाते. दोन गावांनी एक देव इतक्या समजुतीने वाटून घेतल्याचे उदाहरण विरळाच. पौष पौर्णिमेस नळदुर्गात मोठी यात्रा भरते. त्या सुमारास रस्त्यावर आणि गावात अतिशय गर्दी असते. शाळेच्या सहलीसाठी तो आठवडा सोडून दुसरा निवडावा.